रुप्याचे छत

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीस सव्वासातच्या सुमारास सूर्योदय होतो असे पंचांग सांगते. परंतु ज्या दिवशी दाट कोहरा उतरतो त्या दिवशी सूर्य उगवल्याची वर्दी शहरास दहा-साडेदहापर्यंत पोचत नाही, आणि तोवर रस्त्यावरची माणसे, हातगाड्या, रिक्षा आणि कुत्री ही सारी एकाच करड्या पाण्याच्या तळाशी असल्याप्रमाणे संथपणे हालत असतात. “भावोजी, कानटोपी घातल्यावाचून उंबरा ओलांडायचा नाही,” अशी वहिनींची सक्त ताकीद होती. पहाडगंजातील त्यांच्या घराच्या पायऱ्या उतरताना समोरच्या इमारतीचा पहिला मजला तेवढा दिसत होता. वरचे दोन कोहऱ्यात गडप झाले होते. लग्नकार्यासाठी आलो होतो, कार्य पार पडले होते, आणि परतीच्या गाडीस एक पूर्ण दिवस अवकाश होता.

दिल्लीदर्शनाचा क्रम आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पिढीपासून ठरून गेलेला आहे: कुतुबमिनार, बिर्ला मंदिर, राजघाट, इंडिया गेट, आणि संध्याकाळी करोलबागेत गरम कपड्यांची खरेदी. त्या क्रमात गैर असे काही नाही, आणि मीही तो दोनदा निष्ठेने पार पाडलेला आहे. परंतु गेली काही वर्षे पेशव्यांचे दिल्लीतील वकील जे हिंगणे, त्यांची पत्रे मी वाचीत आलो आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केलेले हिंगणे दप्तर आणि पारसनिसांनी छापलेली ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ ही उशाशी ठेवण्याच्या ग्रंथांपैकी झाली आहेत. आणि त्या पत्रांच्या वाचनाने मनात असा एक प्रश्न रुजला की, ज्या शहराच्या किल्ल्यात, दरबारात आणि खजिन्याच्या हिशेबात मराठी माणसाचा हात अर्धशतकाहून अधिक काळ या ना त्या रूपाने होता, त्या शहरात आज त्याची खूण कोठे पाहावयास मिळते? एक दिवस हाताशी होता, म्हणून केवळ त्या खुणांच्या शोधात फिरावे असे ठरविले.

ऋतूही अनुरूप होता. दिल्लीशी आलेल्या मराठ्यांच्या संबंधातील दोन ठळक दिवस हिवाळ्यातले आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु त्यानंतर पुरती अकरा वर्षेही लोटली नव्हती, तोच, ६ जानेवारी १७७२ रोजी, इंग्रजांच्या छायेखाली अलाहाबादेस दिवस कंठणारा बादशहा शहाआलम मराठी फौजेच्या संरक्षणात आपल्या राजधानीत प्रवेश करता झाला, हे किती जणांस माहीत असते? पराभवाची तिथी आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली. परतल्याची तिथी मात्र विसरलो. दख्खनच्या उबदार हवेत वाढलेल्या माणसांस उत्तरेकडील या थंडीत, यमुनेवरून येणाऱ्या झोतात, तंबूत रात्री काढाव्या लागल्या असतील. पानिपतावर तर दाणावैरण तुटल्यावर उपाशी पोटी. कानटोपी, स्वेटर आणि वरून शाल इतका जामानिमा असूनही चांदणी चौकाच्या तोंडाशी पोचेपर्यंत माझी बोटे बधिर झाली होती, तेव्हा या गोष्टीचा अर्थ ग्रंथात वाचून कळला होता त्याहून निराळ्या रीतीने कळला.

चौकात या वेळी दुकाने उघडलेली नव्हती. बंद फळ्यांपुढे हमालांनी खोक्यांची पुठ्ठी आणि लाकडाचे तुकडे पेटवून शेकोट्या केल्या होत्या. किनारी बाजाराकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक मनुष्य मोठ्या परातीत पांढुरक्या-केशरी फेसाचा डोंगर घेऊन उभा होता. यास येथे ‘दौलत की चाट’ म्हणतात. नावात चाट असली तरी तिखटमिठाशी तिचा काही संबंध नाही: दूध आणि साय रात्री उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळावयाची, वर येणारा फेस हलक्या हाताने काढीत जावयाचे, आणि त्यावर केशराचे पाणी, खवा व पिठीसाखर भुरभुरावयाची. जिभेवर ठेवताच ती नाहीशी होते आणि केवळ दुधाचा गारवा व केशराचा गंध मागे उरतो. उन्हे तापली की फेस बसतो, म्हणून ही वस्तू हिवाळ्यातच मिळते. मी दोन द्रोण घेतले.

साडेनऊच्या सुमारास लाहोरी दरवाजातून किल्ल्यात शिरलो. १६३९ साली शहाजहानने पाया घातलेला आणि १६४८ साली पुरा झालेला हा किल्ला कोहऱ्यात लाल दिसत नाही. विझू लागलेल्या निखाऱ्याचा रंग त्यास आलेला असतो. छत्ता चौकातील दुकाने ओलांडून नगारखान्यापाशी आलो, आणि पुढे दिवाणे आम मागे टाकून दिवाणे खासापाशी येऊन थांबलो. संगमरवरी खांबांच्या या खुल्या महालात दुपारपर्यंत तरी बसावे असे मी घरूनच ठरवून आलो होतो, कारण माझ्या दिवसाचे, किंबहुना माझ्या प्रश्नाचे, मध्यवर्ती स्थळ हेच होते.

या महालाचे छत एके काळी रुप्याचे होते. मयूरासन १७३९ साली नादिरशहाने नेले, छत राहिले. आणि १७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी किल्ला हस्तगत केल्यानंतर ते रुपे उतरवून, वितळवून, त्याचे रुपये पाडण्यात आले. नऊ लाखांचा आकडा ग्रंथांतून सांगितला जातो. सुरजमल जाटास हे कृत्य रुचले नाही आणि तो भाऊंपासून दुरावला त्याच्या कारणांत हेही एक कारण होते, असे सांगतात. आजचे छत लाकडी आहे, रंगविलेले आहे, आणि त्याकडे मान वर करून पाहणाऱ्या प्रवाशांच्या जथ्यास वाटाडे मोठ्या आवाजात सांगत असतात की, ते रुपे मराठ्यांनी नेले.

त्या दिवशी मी हे वाक्य एका तासात चार वेळा ऐकले. मराठी माणसास येथे दोन मार्ग सोपे आहेत: एक तर मान खाली घालावी, नाही तर नादिरशहाने काय काय नेले त्याची यादी सुरू करावी. मला दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. भाऊंच्या पत्रांत त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात एकच तक्रार पुनःपुन्हा येते, ती पैशाची. पुण्याहून रसद नाही, उत्तरेतील मामलेदारांकडून वसूल येत नाही, फौजेचे पगार थकलेले, आणि पुराने फुगलेल्या यमुनेच्या पैलतीरी अब्दाली बसलेला. रुपे उतरविले ते चैनीसाठी नव्हे, शिपायाच्या पोटासाठी, हे खरे आहे. पण ज्या बादशाहीचे रक्षण करण्याचा करार १७५२ साली मराठ्यांनी स्वतः पत्करला होता, तिच्याच सिंहासनगृहाचे छत त्या रक्षणाच्या खर्चासाठी उतरवावे लागले, हेही तितकेच खरे आहे. आणि या दोन सत्यांपैकी एकाने दुसरे खोडता येत नाही. दिल्लीची जबाबदारी आपण घेतली, परंतु ती पेलण्यास लागणारी आर्थिक व्यवस्था उभी केली नाही, हा माझ्या मते आपल्या दिल्लीतील साऱ्या व्यवहाराचा मूळ दोष होय. छताची गोष्ट ही त्याची केवळ सर्वांत दृश्य खूण.

त्याच महालाची दुसरी आठवण अधिक दारुण आहे, आणि ती वाटाडे सांगत नाहीत. १७८४ च्या डिसेंबरात शहाआलमने वकील-इ-मुतलकी पेशव्यास दिली आणि पेशव्याचा नायब म्हणून महादजी शिंदे साम्राज्याचे सर्वाधिकारी झाले. परंतु १७८७ साली लालसोटच्या मोहिमेत महादजींस माघार घ्यावी लागली, त्यांचा दिल्लीवरील हात सुटला, आणि ती संधी साधून गुलाम कादर रोहिला किल्ल्यात शिरला. १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याने वृद्ध बादशहाचे डोळे काढले. राजवाड्यातील स्त्रियांचे आणि शहाजाद्यांचे जे हाल त्या अडीच महिन्यांत झाले ते लिहिण्यास हात धजत नाही. मराठी फौज येऊन पोचली ती ऑक्टोबरात. आंधळा शहाआलम पुन्हा गादीवर बसविण्यात आला, गुलाम कादर त्याच वर्षाच्या अखेरीस पकडला गेला आणि पुढील वर्षी मारला गेला, आणि त्यानंतर १८०३ पर्यंत या किल्ल्यावर शिंद्यांचा अंमल राहिला. महादजींच्या थोरवीविषयी माझ्या मनात शंका नाही. पानिपतावरून जखमी पायाने परतलेल्या माणसाने तीस वर्षांत उत्तर हिंदुस्थानचे राजकारण आपल्या मुठीत आणले, याला तोड नाही. तथापि ज्याचे संरक्षण अंगावर घेतले त्याचे डोळे गेल्यानंतर आपण पोचलो, हे त्या संगमरवरी फरशीवर उभे राहिले असता विसरणे मला शक्य झाले नाही.

अकराच्या सुमारास ऊन पडले. दिल्लीच्या हिवाळ्यातील हे ऊन म्हणजे एक स्वतंत्र पदार्थ आहे. हिरवळीवर लोक त्यात अंग पसरून बसतात, शेंगदाणे आणि गजक खातात, आणि कोणास काही घाई नसते. १८५७ नंतर इंग्रजांनी या आवारातील बहुतेक महाल जमीनदोस्त करून बराकी उठविल्या, त्यामुळे जी मोकळी जागा झाली तीच आता ही हिरवळ.

किल्ल्यातून बाहेर पडून कूचा महाजनीकडे गेलो. सोन्याचांदीच्या घाऊक व्यापाराची ही गल्ली. आणि या व्यापारात सोने-रुपे गाळून शुद्ध करण्याचे काम करणारी माणसे हिंदुस्थानच्या बहुतेक मोठ्या शहरांतून जी दिसतात, त्यांत सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची मराठी कुटुंबे अग्रेसर आहेत. दुष्काळी माणदेशातून निघालेल्या या गलाईवाल्यांनी पिढीमागून पिढी अमृतसरपासून मदुरेपर्यंत भट्ट्या पेटविल्या. गल्लीतील एका चिंचोळ्या जिन्याने वर गेलो तो दारावरच गणपतीचे चित्र आणि शेजारी विट्याच्या एका दुकानाची दिनदर्शिका लटकत होती. चाळिशीतला एक मनुष्य मुशीवरून नजर न काढता हिंदीत काय काम आहे म्हणून विचारता झाला. मी मराठीत उत्तर देताच तो उठला. “या की काका, बसा. च्या सांगतो. गाव कुठलं म्हणायचं तुमचं?”

त्याचा आजा कलकत्त्यास गेला होता, बाप अमृतसरला, आणि तो स्वतः सतराव्या वर्षी येथे आला. मूस, चिमटा, तेजाबाची बरणी, तराजू आणि टंच काढण्याचे यंत्र एवढ्यावर त्याचा संसार उभा आहे. दिवसाच्या अखेरीस खोलीतील केरही तो झाडून डब्यात भरून ठेवतो, कारण त्या धुळीतही रुपे असते. बोलता बोलता मी त्यास किल्ल्यातील छताची हकीकत सांगितली. त्याने ती पूर्वी ऐकलेली नव्हती. थोडा वेळ तो काही बोलला नाही, मग कारागिराच्या गांभीर्याने म्हणाला, “छताचा पत्रा म्हंजे त्यात तांबं असणारच, काका. टंच काढल्याबिगर किती रुपय पडलं, ते कसं सांगायचं? आन भट्टी कुणाची हुती? ती हितल्याच लोकांची असणार.” माझ्या वाचनात हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. रुपये पाडले, एवढेच ग्रंथ सांगतात. ते गाळले कोणी, कोणत्या भट्टीवर, लाकूड कोठले, मजुरी कोणी दिली, हे त्या गल्लीतील माणसास प्रथम सुचले. मी त्यास एवढे सांगू शकलो की, त्या काळी मराठ्यांच्या टांकसाळींतूनही रुपया पडे तो दिल्लीच्या बादशहाच्याच नावाने. “मग रुपं बादशाचं आन नावबी बादशाचंच,” तो म्हणाला, आणि चहा आला.

निघताना पैसे देण्याचा प्रश्नच त्याने येऊ दिला नाही. “गावाकडं गेलासा तर विट्यावरनं जावा,” एवढेच म्हणाला.

तेथून काश्मिरी दरवाजाकडे गेलो. तेथील सेंट जेम्स चर्चची वास्तू पिवळ्या-पांढऱ्या घुमटाची, क्रूसाच्या आकाराची आणि अतिशय शांत आहे. १८३६ साली तिचे उद्घाटन झाले. मराठी प्रवासी या बाजूस सहसा येत नाहीत. परंतु ज्याने हे चर्च स्वतःच्या खर्चाने बांधविले तो जेम्स स्किनर, स्कॉटिश बाप आणि रजपूत आई यांचा मुलगा, आपल्या उमेदीच्या काळात शिंद्यांच्या कंपूतला अधिकारी होता. १८०० साली राजपुतान्यातील उनियारा येथे शिंद्यांच्या निशाणाखाली लढताना तो जबर जखमी झाला, रणांगणावर मृतांच्या राशीत पडून राहिला, आणि वाचलो तर देवाचे घर बांधीन असा नवस त्याने तेथे केला. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध सुरू होताच इंग्रजी रक्ताचे म्हणून अशा अधिकाऱ्यांस शिंद्यांच्या नोकरीतून दूर करण्यात आले. तो इंग्रजांकडे गेला आणि पुढे नामांकित झाला. आज तो याच चर्चमध्ये पुरलेला आहे. मराठी दौलतीच्या चाकरीत पडलेल्या एका जखमेतून उभी राहिलेली वास्तू दिल्लीत आहे, ती एका ख्रिस्ती सरदाराने नवस फेडण्यासाठी बांधलेली, आणि आपल्याकडील पुस्तकांत तिचा उल्लेख सहसा नसतो, याचा मला खेद वाटतो. बाकावर बसलो असता रंगीत काचांतून दुपारचे ऊन फरशीवर उतरले होते.

जंतरमंतरास उभ्या उभ्याच भेट दिली. सवाई जयसिंगाच्या वेधशाळेतील सम्राट यंत्राची सावली तेवढी पाहिली आणि पुढे निघालो, कारण तालकटोऱ्यास उन्हे असताना पोचावयाचे होते.

तालकटोरा हे नाव वाटीसारख्या खोलगट भूमीवरून पडलेले. बाग जुनी आहे. १७३७ च्या मार्च अखेरीस पहिले बाजीराव सर्वांस चुकवून अकस्मात दिल्लीच्या वेशीशी आले, तेव्हा याच परिसरात बादशाही फौजेशी त्यांची झुंज झाली आणि त्यांनी ती जिंकली. शहर समोर उघडे पडले होते. ते लुटण्या-जाळण्याचा बेत त्यांनी रद्द केला, आणि का रद्द केला ते चिमाजीअप्पांस पत्राने कळविले: मर्यादा सोडली तर राजकारणाचा धागा तुटतो, असा त्या लिहिण्याचा आशय. छत्तीस वर्षांच्या विजयी सेनापतीस हा विवेक त्या क्षणी सुचला, याचे मोल मला त्या विजयाहून अधिक वाटते. आणि तेवीस वर्षांनंतरच्या छताच्या गोष्टीशी तो ताडून पाहिला म्हणजे दरम्यानच्या काळात मराठी राज्याची ओढाताण किती वाढली होती ते ध्यानात येते. याच तालकटोऱ्यात २०२५ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. दिल्लीतील त्याआधीचे संमेलन १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. बागेत त्या दिवशी काही म्हातारी माणसे उन्हाकडे पाठ करून बसली होती आणि एक माळी शेवंतीच्या कुंड्या हलवीत होता.

राजीव चौकातून नोएडाकडील मेट्रो धरली तेव्हा पाच वाजून गेले होते. इंद्रप्रस्थ सोडल्यावर गाडी यमुनेवरून जाते. कोहरा पुन्हा पाण्यावर जमू लागला होता आणि सूर्य त्यात शेंदराच्या टिकलीसारखा दिसत होता. नदीच्या या पलीकडच्या तीरावर, पटपडगंजच्या रणावर, ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकच्या इंग्रजी फौजेने लुई बूर्कँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखालील शिंद्यांच्या पायदळाचा मोड केला. पाच दिवसांनी लेक किल्ल्यात जाऊन आंधळ्या शहाआलमास भेटला. त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी, वऱ्हाडातील सुर्जी अंजनगाव येथे झालेल्या तहाने दिल्ली, आग्रा आणि दुआब शिंद्यांच्या हातून गेले. म्हणजे दिल्लीतील मराठी अंमलाच्या अखेरीचा कागद महाराष्ट्राच्याच भूमीवर लिहिला गेला.

या लढाईचा स्मृतिस्तंभ इंग्रजांनी उभारला. तो आज नोएडातील गोल्फच्या मैदानाच्या आवारात आहे. मी स्थानकातून बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता आणि कोहऱ्याने दिवेही पिवळे करून टाकले होते. स्तंभापर्यंत जाण्याची वेळ मी स्वतःच दिवाणे खासात खर्चून टाकली होती. कुंपणाबाहेर थोडा वेळ उभा राहून परतलो.

त्या रणावर शिंद्यांसाठी जे पडले ते बहुतेक दुआबातले आणि अवधातले शिपाई होते, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. मराठी त्यांत थोडे. त्यांचे सेनापती परके होते, आणि युद्ध तोंडावर आले असता त्यांतील कित्येक इंग्रजांकडे निघून गेले. शिपाई मात्र उभे राहिले. दिल्लीत मराठ्यांनी मोठ्या वास्तू फारशा बांधल्या नाहीत. त्यांच्या मागे राहिले ते कागद, आणि कागदांत या शिपायांची नावे नाहीत. इंग्रजांनी आपल्या माणसांसाठी दगड लावला. महाराष्ट्र शासनाने आणि दिल्लीतील मराठी संस्थांनी मिळून त्या स्तंभाच्या जवळ, परवानगी मिळेल तेथे, शिंद्यांच्या पायदळासाठी मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तीन भाषांत एक शिळा बसवावी, अशी माझी विनंती आहे. आणि जो वाचक या हिवाळ्यात दिल्लीस जाणार असेल त्याने उजेड असताना एक तास या बाजूस राखून ठेवावा. मेट्रोच्या निळ्या मार्गावर ‘गोल्फ कोर्स’ याच नावाचे स्थानक आहे.